घरातली ड्युटी

मी आरोग्यसेविका आहे. पालम तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नोकरी करते. लोक सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या बाया अजून नर्सबाईच म्हणतात. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, टीबीच्या गोळ्या, साथ आली की घरोघर फिरणं, आणि अलीकडं तीस वर्षांवरच्या माणसांचं बीपी-शुगर बघून बॅटरीच्या उजेडात त्यांच्या तोंडात पाहणं, हे माझं काम. त्यामुळं माझ्या मालकांना गालाचा कॅन्सर झाला, आणि ऑपरेशन होऊन, लाईट म्हणजे रेडिएशन घेऊनही तो वर्षाच्या आत मानेत परत उभा राहिला, तेव्हा नातेवाइकांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली: तुला काय, तू तर नर्स आहेस, तुला सगळं जमतंय.

जमत होतंच. ड्रेसिंग जमत होतं, नळीतून भरवणं जमत होतं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची ते जमत होतं. पण ज्या माणसाच्या शेजारी मी इतकी वर्षं झोपले त्याची जखम रोज सकाळी उघडायची आणि तासाभरानं त्याच्याच समोर बसून मुलीच्या शाळेच्या फीचं बोलायचं, हे नर्सिंगच्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते मी कसं केलं, कुणाच्या आधारानं केलं, ते लिहायचं आहे. आमच्या भागात अशी घरं खूप आहेत आणि तिथल्या करणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

आमच्याकडं तंबाखूला कुणी व्यसन म्हणत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे चोवीस टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरणारे निघाले, म्हणजे जवळजवळ चारांत एक. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या शिवारात मोजलं तर जास्तच भरतील असं मला वाटतं. यांच्या खिशात चुन्याची डबी मिसरूड फुटल्यापासून. आधी तिखट झोंबायला लागलं, मग तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, मग गालाच्या आत जखम. तुकडा तपासायला पाठवला, त्याचा रिपोर्ट आला आणि आम्ही संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयात गेलो. हे रुग्णालय २०१२ साली सुरू झालं. त्याआधी आमची माणसं बार्शीला जायची, नाहीतर मुंबईला टाटाला, आणि टाटाच्या समोरच्या फुटपाथवर महिना महिना काढायची. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे. त्यासाठी दवाखान्यातून फॉर्म भरून घ्यावा लागतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून हे लिहून ठेवते.

तो काळ धावपळीचा होता, पण मनाला सोपा होता. रोज काहीतरी करायचं असायचं. पालमहून गंगाखेड, गंगाखेडहून परभणी, तिथून पुढं; कागद, सह्या, रांगा. माणूस रांगेत उभा असतो तेव्हा त्याला पुढं काहीतरी मिळणार आहे असं वाटत असतं. खरा काळ सुरू झाला तो गाठ परत आल्यावर, डॉक्टरांनी फाईल मिटवून हळू आवाजात सांगितलं तेव्हा: आता घरी न्या, सेवा करा.

त्याच दिवशी आम्हाला वेदना कमी करणाऱ्या विभागात पाठवलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी यांना तपासलं, जखम पाहिली, दुखतं किती ते शून्य ते दहा आकड्यांवर बोट ठेवून दाखवायला सांगितलं. आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्ही झोपता का?" मला वाटलं पेशंटच्या झोपेचं विचारतात. मी सांगायला लागले की हे दोन वाजता उठतात. त्या म्हणाल्या, "त्यांचं नाही. तुमचं विचारते. झोपता का, जेवता का, घरात तुमच्या मदतीला कोण आहे?" इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिथं रडले. यांच्यासमोर रडले. यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की आधार द्यायचं काम एकट्या माझंच नाही, हे पण मला देऊ शकतात.

नंतर मी या विषयावर वाचलं. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स या बाईंनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं, तिथून हे शास्त्र उभं राहिलं. त्या आधी नर्स होत्या, मग दवाखान्यातल्या समाजसेविका, आणि मग चाळिशीला टेकताना डॉक्टर झाल्या. दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, घरादाराचं, पैशाचं, देवाशी असलेल्या भांडणाचंही असतं, हे त्यांचं सांगणं. आपल्याकडं १९८६ साली मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत पेशंटबरोबर त्याचं कुटुंबही धरलेलं आहे. म्हणजे त्या डॉक्टरबाईंनी माझी चौकशी केली तो त्यांचा चांगुलपणा होताच, पण ते त्यांचं कामही होतं. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. मदत मागण्यात लाजण्यासारखं काही नाही, उपचाराच्या कागदावरच माझं नाव आहे, असं.

त्यांनी मॉर्फिन लिहून दिलं. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण करणाऱ्याच्या मनाची अर्धी शांती या गोळीत आहे. माणूस रात्रभर कण्हत असेल तर शेजारच्याला कुठलाच धीर पुरत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन मिळणं इतकं अवघड करून ठेवलं होतं की डॉक्टरही लिहायला बिचकत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. तरी आमच्या जवळपास ते कुठं मिळत नव्हतं, संभाजीनगरहूनच आणावं लागायचं. घरात भावकीची कुरकुर सुरू झाली: अफूची गोळी आहे, नशा लागेल. मी दिरांना बसवून सांगितलं, भाऊजी, दुखण्यासाठी बरोबर मापात दिलेल्या गोळीनं नशेकरी होत नाही माणूस. दर चार तासांनी द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध चुकवायचं नाही. मी भिंतीवर तक्ता लावला, वॉर्डात लावतात तसा: सहा, दहा, दोन, सहा, दहा, आणि रात्री पुन्हा दोन. रात्री दोनच्या डोसाला मला उठावं लागतं हे ऐकून डॉक्टरबाईंनी रात्री दहाचा डोस दुप्पट केला आणि दोनचा काढून टाकला. यांना झोप लागली, मलाही लागली. माझ्या झोपेसाठी डोस बदलता येतो, हे मला नर्स असून माहीत नव्हतं.

पावसाळ्यात वेगळीच काळजी. आमचं गाव लेंडी नदीच्या पलीकडं. जोराचा पाऊस झाला की पुलावरून पाणी जातं आणि पलीकडच्या गावांचा पालमशी संबंध तुटतो. मृग लागायच्या आधी मी गोळ्या, नळी, कापूस-पट्टी सगळं भरून ठेवलं, पेरणीचं बी भरतात त्याच घाईनं. पिशवी भरलेली दिसली की जीव थाऱ्यावर राहायचा.

आता जखमेचं. मानेवरची गाठ फुटली आणि वास सुरू झाला. हा वास काय असतो ते ज्यांनी सोसलं त्यांनाच ठाऊक. उदबत्तीनं जात नाही, फिनाईलनं जात नाही, केसांत बसतो, भाकरीत येतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती पूड जखमेवर टाकली की दोन-तीन दिवसांत वास पुष्कळ कमी होतो. स्वस्त गोळी आहे, आणि कितीतरी घरांना हे कुणी सांगितलेलं नसतं. माशी बसू नये म्हणून दिवसाही मच्छरदाणी. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती. गाठ मानेच्या मोठ्या नसेजवळ आहे, एखाद्या वेळी एकदम रक्त सुटू शकतं. घरात गडद रंगाचे टॉवेल ठेवा, पांढरं काही ठेवू नका. मी पालमच्या बाजारातून मरून रंगाचे टॉवेल आणले. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "हे एवढे कशाला आणलेस माय?" मी म्हणाले, मळत नाहीत. मोठ्या मुलाला मात्र खरं सांगितलं, तो अठरा वर्षांचा होता. एकटीनं ती भीती घेऊन निजणं मला झेपलं नसतं. तसं काही झालं नाही. पण रोज अंथरूण घालताना उशाशी ते टॉवेल ठेवायचे, आणि मग त्यांच्याशी नेहमीसारखं बोलायचं, हे कितीतरी महिने केलं.

जीभ आणि जबडा ऑपरेशनमध्ये बराच गेला होता, त्यामुळं यांचं बोलणं कळत नसे. मुलीची जुनी पाटी होती, तिच्यावर लिहायचे. चौथी शिकलेला माणूस, अक्षर मोठं, वेलांट्या कशाही. एकदा मी ड्रेसिंग करत होते. हातमोजे, मास्क, ट्रे, सगळं दवाखान्यासारखं. ते झालं, आणि मी पाठ वळवून सामान उचलायला लागले तर त्यांनी पाटी वाजवली. लिहिलं होतं: सिस्टर गेली का. मी म्हणाले, कोण सिस्टर? त्यांनी पुसून लिहिलं: बायकोला बोलीव.

त्या दिवसापासून मी नियम केला. ड्रेसिंग झालं की मोरीत जाऊन हातपाय धुवायचे, लुगडं बदलायचं, आणि काही काम हातात न घेता यांच्याजवळ बसायचं. ट्रे नाही, गोळी नाही, तक्ता नाही. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. हात हातात घेऊन बसायचो. डोक्याला तेल लावायचे. आमच्याकडं नवरा-बायको दिवसाढवळ्या असे बसत नाहीत, सुरुवातीला आत्या उठून बाहेर जायच्या. मी लाजले नाही. नर्सच्या चेहऱ्यामागं लपणं सोपं असतं. तो चेहरा जखमेपुरता हवाच, नाहीतर हात थरथरतो. पण तो दिवसभर घालून राहिलं तर घरात एक पेशंट आणि एक कामवाली उरते, संसार आधीच संपून जातो.

जेवणाचा प्रश्न मला जखमेपेक्षा जड गेला. यांना नाकातल्या नळीतून पातळ वरण, ताक, दुधात फेटलेलं अंडं, भरड गाळून केलेली पेज. आणि चुलीवर फोडणी पडली की वास घरभर. ज्या माणसाला मिरचीच्या ठेच्याशिवाय भाकरी जात नव्हती, त्याच्या नाकाशी ठेचा कुटायचा कसा? मी फोडणी द्यायचं सोडलं. मुलं बेचव खाऊ लागली, मी गोठ्यात उभ्यानं दोन घास गिळू लागले. एक दिवस पाटीवर आलं: माझ्यासमोर जेव. मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा लिहिलं: मला बघायचंय. मग आम्ही सगळे त्यांच्या खाटेजवळ बसून जेवू लागलो. ते बघायचे. मुलगी घाईनं खायची तर हातानं खुणावायचे, सावकाश. एकत्र जेवणं सुरू झालं आणि घरातली कोंडी पुष्कळ फुटली.

भेटायला येणाऱ्यांबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. माणसं येतात ती मायेनं येतात, यात शंका नाही. पण ती येतात, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवतात, डोळ्याला पदर लावतात, अमक्या गावच्या वैद्याचं नाव सांगतात, कुणीतरी कशानं बरा झाल्याचं सांगतात, आणि करणारी बाई त्यांना चहा करते. दिवसाला चार घरची माणसं आली तर तिची दुपार गेली. वॉर्डात आमची एक पद्धत असते. सकाळची सिस्टर जाताना दुपारच्या सिस्टरला खाटेजवळ उभं राहून सगळं सांगते, रजिस्टर देते, आणि मग निघून जाते. निघून जाते, हे महत्त्वाचं. घरात हे कुणी करत नाही. घरात ड्युटी बदलतच नाही.

मी ठरवलं की बदलायची. माझी जाऊ भेटायला आली तेव्हा मी चहा ठेवला नाही. तिला म्हणाले, "ताई, तुम्ही दोन तास बसा. दहाला एवढी गोळी कुटून पाण्यात, या सिरिंजनं नळीत. आधी डोकं वर करायचं, नंतर साधं पाणी सोडायचं. मी आत झोपते." ती घाबरली. मी दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा तिच्याकडून करून घेतलं. यांचे एक मित्र होते, पालमला दुकान. ते रोज येतो म्हणायचे आणि येऊन काय बोलावं ते कळत नसल्यानं अवघडून बसायचे. त्यांना सांगितलं, दुकान बंद केल्यावर या, यांच्याजवळ बसा, काही बोलू नका, मोबाईलवर भजनं लावा, मी तेवढ्यात भांडी आणि अंघोळ उरकते. त्यांचं अवघडलेपण त्याच दिवशी गेलं. माणसाला काम दिलं की त्याच्या मायेला वाट मिळते. गंगाखेड आमच्या शेजारचं, जनाबाईचं गाव. लहानपणापासून ऐकलंय की जनीचं दळण सरेना तेव्हा विठ्ठल येऊन जात्याला बसला. त्यानं जनीला धीर धर असं सांगितलं नाही, खुंट्याला हात लावला. मला जे तारून गेले ते असे जात्याला हात लावणारे होते.

रागाचंही सांगते. या काळात राग येतो आणि तो आजारी माणसावरच येतो. मला यांच्या डबीचा राग होता. मी गावभर लोकांना तंबाखू सोडा म्हणत फिरायचे आणि घरात ती डबी. आजारपणात यांची सेवा करता करता तो राग मी गिळत होते, आणि तो म्हशीवर, मुलांवर, उपकेंद्रातल्या मदतनीस बाईवर निघत होता. एका संध्याकाळी पोरीला उगाच फटका बसला आणि मग मी सरळ यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हणाले, "तुमच्या त्या डबीनं माझं घर मोडलं." बराच वेळ गेला. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं: हो. एवढंच. पुसलंही नाही, रात्रभर तशीच पाटी खाटेखाली होती. मला वाटतं ते बोललं गेलं म्हणूनच पुढं मी त्यांची मनापासून सेवा करू शकले. मरणाऱ्या माणसावर रागावायचं नसतं असं सगळे म्हणतात, पण तो माणूस तोवर जिवंत असतो, नवरा असतो, आणि ज्याच्यावर संसारभर रागावलो त्याच्यावर एकदम रागावणं बंद केलं तर त्यालाही कळतं की आपण गेल्यातच जमा आहोत.

याहून अवघड एक गोष्ट आहे. शेवटच्या दोन महिन्यांत एका रात्री यांना श्वास लागला होता, मी पाठीशी उशा लावत होते आणि मनात आलं, आता सुटावं यांनी. आलं आणि मी हादरले. देवघरासमोर जाऊन तोंडात मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी कामात हात चालेना. आत्या चुलीजवळ शेंगा फोडत होत्या. त्यांनी विचारलं, "कामून गप्प हायस?" मी त्यांना सांगितलं. ज्यांच्या पोटचं लेकरू त्यांनाच सांगितलं. दुसरं कुणी नव्हतं. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "म्या तर कवाधरनं मागायलेय बाई. रोज दिवा लावते अन् त्येच मागते. मला वाटलं, मी एकलीच पापी हाय." आम्ही दोघी तिथं बसून रडलो. सासू-सुनेचं आमचं कधी फार सख्य नव्हतं. त्या सकाळपासून झालं.

असं वाटणाऱ्या बायका-पुरुष मला नंतर कितीतरी भेटले. सगळ्यांना वाटतं की असा विचार आपल्याच मनात येतो. तो येतो कारण आपल्याला त्या माणसाचे हाल बघवत नाहीत, आणि आपणही दमलेलो असतो. दोन्ही खरं आहे, आणि दमणं हे पाप नाही.

भावकीत ठरलं होतं की यांना काही सांगायचं नाही. तू बरा होशील, दिवाळीनंतर हुरडा खायला जाऊ, असं जो येईल तो म्हणायचा. श्रावणात यांनी पाटीवर मला विचारलं: कापूस घरात आलेला बघीन का. किती दिवस राहिलेत असं नाही विचारलं, शेतकरी माणूस, हिशेब पिकावर. मी कामावर कुणाला खोटं सांगत नाही, घरात कसं सांगू? म्हणाले, "दसऱ्यापर्यंत असाल असं मला वाटतं. पुढचं सांगता येत नाही." त्यांनी मान हलवली. रडले नाहीत. मीच रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर कामांची यादी होती. सातबारा. पीककर्ज. बँकेत नाव. मोटारीचा स्टार्टर. त्यांनी थोरल्याला विहिरीवर नेऊन, बसायला खुर्ची घेऊन, खुणांनी मोटार कशी चालू करायची ते दाखवलं. तलाठ्याला घरी बोलावून घेतलं. कुणाचे पैसे देणं आहे, कुणाकडून येणं आहे, सगळं लिहून घेतलं. ते आठ-दहा दिवस त्यांच्या चेहऱ्यावर जी तरतरी होती ती आजारपणात पुन्हा दिसली नाही. खोट्या आशेनं त्यांना एवढं बळ दिलं नव्हतं. खरं कळल्यावर ते पुन्हा घरातले कर्ते झाले.

या सगळ्यात मी नोकरी सोडली नाही. अर्जित रजा होती ती तुकड्यातुकड्यानं घेतली. लोकांनी नावं ठेवली, नवरा असा पडलाय आणि ही ड्युटीला चाललीय. मला लसीकरणाचे दिवस हवे होते. चाळीस लेकरं रडताहेत, आया बोलताहेत, कुणाचं बाळ हसतंय, आणि मीही हसतेय. पहिल्यांदा असं हसू आलं तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं, नंतर नाही वाटलं. तिथून परत आले की मी यांना सगळं सांगायची: कुणाला मुलगी झाली, कोणाची सून पळाली. त्यांना बाहेरचं जग माझ्याकडूनच मिळत होतं. तंबाखूमुक्तीच्या प्रशिक्षणात पुण्याच्या मुक्तांगणचं नाव ऐकलं होतं. ते १९८६ साली सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनाच पुढं कॅन्सर झाला, तरी त्या काम करत राहिल्या आणि १९९७ साली गेल्या. त्यांचे यजमान अनिल अवचट लेखक म्हणून सगळ्यांना माहीत, पण ते शिकलेले डॉक्टरच. म्हणजे त्या घरात दोघांनाही सगळं कळत होतं. मला त्या घराचा आधार वाटायचा. कळत असलं म्हणून दुखत नाही असं नाही, हे मला नातेवाइकांना पटवता आलं नाही, पण त्या दोघांना ते सांगावं लागलं नसतं.

दसरा झाला. कापसाची पहिली वेचणी दिरांनी करून आणली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पहाटे हे गेले, दुखणं नव्हतं, मी आणि आत्या दोघी जवळ होतो. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. माणसं पांगल्यावर जे उरलं ते दुःखापेक्षा रिकामपण होतं. सहा, दहा, दोन. घड्याळात ते आकडे आले की हात उठायचे आणि त्यांना काही काम नसायचं. तक्ता मी लगेच काढला नाही. मुलीनं काही महिन्यांनी काढला, मी काही बोलले नाही. करणाऱ्या माणसाचं काम एका दिवसात संपतं, शरीराला ते कळायला मोसम जातो.

आता तोंड तपासायला घरोघर जाते तेव्हा एक प्रश्न मी स्वतःहून वाढवलाय. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर विचारते, यांचं कोण बघतं? आणि मग त्या माणसाला बाजूला घेऊन विचारते, झोपता का, जेवता का. बाया पटकन बोलतात. पुरुषांना वेळ लागतो.

एका गावात एक गडी बायकोचं करतो. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पुढं गेलेला. याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या माणसांनी एक लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी झाली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगाला कळलं. हे इतक्या जवळ सिद्ध झालं आणि त्या माउलीपर्यंत ती तपासणी पोचली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तो तिचं सगळं करतो. पॅड बदलतो, धुणं धुतो, कढी करायला शिकलाय. फक्त वेणी घालता येत नाही म्हणून तिचे केस कापून टाकले होते, आणि ती त्यासाठी रडली होती, दुखण्यासाठी नाही. वाढलेल्या केसांची वेणी कशी घालायची ते मी त्याला माझ्याच केसांवर दाखवलं.

मागच्या आठवड्यात मी आणि आमच्या आशाताई तिथं गेलो, त्याला म्हणाले, आम्ही दोघी दुपारपर्यंत इथं बसतो, गोळी कधी द्यायची ते सांग आणि तू जा. त्यानं सगळं नीट सांगितलं, खाटेजवळ उभं राहून. दारापर्यंत गेला आणि वळला.

"सिस्टर," तो म्हणाला, "कुठं जाऊ म्या?"

मी म्हणाले, आधी पालमला जाऊन दाढी करून ये.